दशांश आधी की भाच्याची फी?

मावशी, सलाम.

मी पुण्यात एका खाजगी हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे. मिस्टर टेम्पो चालवतात. दोघांचे मिळून हातात ४६ हजार येतात. घरात एक मुलगी, सासूबाई, आणि घर भाड्याचं. आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले, मिशनच्या चर्चमध्ये वाढलेले. गेली तीन वर्षं ह्यांच्या आग्रहामुळे एका नव्या फेलोशिपमध्ये जातो. तिथे दशांशावर, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा देण्यावर, फार जोर आहे. आमचा दशांश पीएफ कापायच्या आधीच्या पगारावर जातो, दोघांच्याही. शिवाय मे महिन्यातल्या कन्व्हेन्शनमध्ये नव्या इमारतीसाठी ‘विश्वासानं आकडा लिहा’ म्हणून चिठ्ठ्या वाटल्या, तेव्हा ह्यांनी ५० हजार लिहिले. मला घरी आल्यावर सांगितलं. त्यातले १५ हजार भरलेत, तेही पतपेढीचं कर्ज काढून.

माझी नणंद श्रीरामपूरला असते, विधवा आहे. तिच्या मुलाचा आयटीआयला नंबर लागलाय. फी आणि खोलीचं डिपॉझिट मिळून ८ हजार हवे होते. तीनदा फोन आला. हे म्हणाले, “आत्ता आपल्याकडे आहे तो देवाचा पैसा आहे, त्याला हात लावता येणार नाही.” तिला मागायची सवय आहे हे खरं, पण मुलगा हुशार आहे. आणि आमच्या घरात अजून फ्रीजसुद्धा नाही.

दशांश पूर्ण पगारावर की हातातल्या? कबूल केलेला आकडा भरला नाही तर शाप लागतो का? तिसरं लिहायला लाज वाटते. हल्ली चर्चमध्ये दानाची थैली समोर आली की मी दहाची नोट टाकते आणि मनात काहीच येत नाही. पूर्वी असं नव्हतं. माझा विश्वास गेला का?

– एक बहीण, पुणे

सलाम बाळ. मावशी म्हणालीस, तेव्हा अगं-तुगंच करते.

पगाराच्या स्लिपचं आधी उरकते. मोशेच्या नियमशास्त्रातला दशांश धान्याचा, द्राक्षारसाचा, तेलाचा आणि गुराढोरांचा. बायबलातल्या लेवीय या पुस्तकाच्या २७व्या अध्यायात मेंढपाळाच्या काठीखालून जाणारं दर दहावं जनावर परमेश्वराचं, त्यात चांगलं-वाईट निवडत बसायचं नाही, असं आहे. ज्याच्याकडे नऊच मेंढरं, त्याचं दहावं काठीखालून जाणार कुठून? पीएफचा विचार तिथे कुणी केलेला नाही. प्रेषित पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलं तेव्हा टक्केवारी घातलीच नाही. आठवड्याच्या पहिल्या दिवशी ज्याला जशी बरकत मिळाली असेल तसं त्यानं बाजूला काढून ठेवावं, एवढंच म्हणाला. तेव्हा हातात येणाऱ्या पैशावर दशांश काढलास तर काही बिघडत नाही. दहावा हिस्सा काढणं ही हाताला लावून घेण्यासारखी चांगली सवय आहे. माझ्या आईवडिलांनी लावून घेतली, मीही चालवते आहे. पण विम्याच्या हप्त्यासारखं तिच्याकडे बघू लागलं, की महिना चुकला तर पॉलिसी बंद पडेल अशी धास्ती बसते. तुमच्या घरात ती बसलेली दिसते.

आता देवाच्या पैशाकडे येऊ. दशांशाचा उपदेश करायचा झाला की सगळे मलाखीचा तिसरा अध्याय उघडतात. दशांश भांडारात आणा, मग मी आकाशाची दारं उघडतो की नाही ते बघा. चांगलंच वचन आहे. पण त्याच दशांशाबद्दल ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायाच्या शेवटी काय आहे, हे मी माझ्या सत्तर वर्षांत व्यासपीठावरून दोनदाच ऐकलं. दर तिसऱ्या वर्षाचा दशांश मंदिरात न्यायचाच नाही, आपल्याच गावच्या वेशीत साठवायचा. तिथे मंदिराची सेवा करणारा लेवी येईल, परका येईल, अनाथ येईल, विधवा येईल, आणि ते पोटभर खातील. नणंद विधवा, भाच्याला बाप नाही. तो देवाचा पैसा आहे हे मिस्टरांचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. तो देवानं कुणासाठी ठेवायला सांगितला, ते पान मात्र त्यांना कुणी दाखवलेलं दिसत नाही.

आणि ही अडचण काही नवी नाही. मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात येशू परूशी आणि शास्त्री या धर्मपुढाऱ्यांना नेमकं हेच ऐकवतो. म्हातारे आईबाप दारात आले की मुलगा म्हणायचा, तुम्हाला जे द्यायचं होतं ते ‘कुर्बान’ आहे, देवाला अर्पण केलेलं आहे. झालं, सुटला! देवाचं नाव घेऊन घरच्यांना रिकाम्या हातानं परत पाठवायची ती सोय होती. येशू त्यांना म्हणाला, असं करून तुम्ही देवाचं वचनच रद्द करता. मिस्टर म्हणतील, ते आईबापांबद्दल आहे, बहिणीबद्दल नाही. मग तीमथ्याचं पहिलं पत्र, पाचवा अध्याय, आठवी ओवी. जो आपल्या घरच्यांची तरतूद करत नाही, त्यानं विश्वास नाकारला. इतकं कडक पौल दशांश न देणाऱ्यांबद्दल कुठेही लिहीत नाही.

थोडं विषयांतर करते. दानाच्या रविवारी विधवेच्या दोन टोल्यांची, म्हणजे दोन क्षुल्लक नाण्यांची, गोष्ट सांगतातच. तुमच्याकडेही त्या कन्व्हेन्शनला सांगितली असणार. तिनं आपली सगळी उपजीविका टाकली, मग तुम्ही का मागे? पण मार्कचा बारावा अध्याय काढून त्या गोष्टीच्या वरच्या चार ओळी वाच. लांब झगे घालून मिरवणारे, बाजारात नमस्कार घेणारे आणि विधवांची घरं गिळणारे शास्त्री यांच्याबद्दल येशू सावध करतो, आणि लगेच पेटीपाशी बसतो. मग ती बाई येते. येशूनं तिचं कौतुक केलं यात शंका नाही. पण ते पाहताना त्याला आनंद झाला की गलबलून आलं, हा प्रश्न मला दरवेळी पडतो. ती कंगाल झाल्यावर तिच्या रात्रीच्या भाकरीचं कुणी पाहिलं का, हे मार्क सांगत नाही.

शापाचं आता. भिऊ नकोस. ख्रिस्तानं आपल्याला शापातून सोडवलं असं पौलानं गलतीकरांना लिहून ठेवलंय, आणि इमारत निधीच्या चिठ्ठीसाठी त्यात अपवाद केलेला नाही. पण दिलेला शब्द मी उडवूनही लावणार नाही. ‘उपदेशक’ या पुस्तकात म्हटलंय, नवस करून न फेडण्यापेक्षा न केलेला बरा. शब्द हा शब्द असतो. (‘गणना’ या पुस्तकाच्या तिसाव्या अध्यायात बायकोनं केलेला नवस नवऱ्यानं ऐकल्या दिवशीच मोडायची सोय आहे. नवऱ्याचा नवस बायकोनं मोडायची सोय मोशेनं ठेवली नाही. मी शोधली होती.) तुमच्यासाठी वाट आहे ती मघाच्याच लेवीयाच्या सत्ताविसाव्या अध्यायात, आठव्या ओवीत. नवस करणारा ठरलेलं मोल देण्याइतका समर्थ नसेल, तर त्यानं याजकापुढे उभं राहावं, आणि याजकानं त्याच्या ऐपतीप्रमाणे नवं मोल ठरवावं. पळून जायचं नाही, लपायचं नाही, समोर उभं राहून सांगायचं, साहेब, आकडा माझ्या ऐपतीपेक्षा मोठा झाला.

त्यात मान खाली घालण्यासारखं काही नाही. बाळंतपणानंतरच्या अर्पणात कोकरू द्यावं, ते जमत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्लं चालतील, असा नियम होता. लूकनं लिहिलंय, येशूला मंदिरात आणलं तेव्हा मरीया आणि योसेफ यांनी पाखरांची जोडी दिली. म्हणजे आपल्या प्रभूच्या नावानं पहिलं अर्पण गेलं तेच ऐपत नसलेल्यांच्या दरानं.

तेव्हा दोघांनी जाऊन पाळकांना भेटा. १५ दिले, उरलेल्यातले महिन्याला हजार जमले तर हजार, तेही पतपेढीचं कर्ज फिटल्यावर. ते पाळक असतील तर हो म्हणतील. वसुली करणाऱ्या माणसासारखे बोलले, तर तेही तुम्हाला कळेल. आणि जाताच आहात तर इमारतीचा हिशेब विचारा. ट्रस्ट नोंदलेला आहे का? लेखापरीक्षण होतं का? पावती मिळते का? हे विचारणं अविश्वासाचं लक्षण नाही. यरुशलेमच्या गरिबांसाठी मोठी रक्कम गोळा झाली, तेव्हा पौलानं मुद्दाम मंडळ्यांनी नेमलेली माणसं आपला सहकारी तीत याच्याबरोबर जोडून दिली. ह्या देणगीच्या बाबतीत कुणी आमच्यावर दोष ठेवू नये म्हणून, असं त्यानं करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात स्वतःच लिहिलंय. पौलाला बोट दाखवलं जायची काळजी वाटली, तर बाकीच्यांनाही वाटायला हरकत नाही.

आणि यापुढे देण्यासाठी कर्ज काढायचं नाही. आपल्याजवळ जे नाही त्याप्रमाणे नाही, तर जे आहे त्याप्रमाणे दिलेलं मान्य होतं, हेही त्याच पत्रातलं.

आता तुझी दहाची नोट.

एक गोष्ट सांगते. माझी आई नगरकडच्या एका खेड्यातली. दळणाची ज्वारी निवडायला बसली की पहिली मूठ चुलीमागच्या गाडग्यात. घरात धान्य किती आहे, पुढचं दळण कधी, याचा विचार त्या मुठीच्या आधी नसायचा. महिन्याला ते गाडगं देवळात जायचं (आम्ही चर्चला देऊळच म्हणायचो) आणि तिथून कुणाच्या घरी जायचं ते पंचांना ठाऊक. पुढे मला कळलं, मिझोराममधल्या प्रेस्बिटेरियन बायका हेच तांदळाचं करतात. रांधताना घरासाठी तांदूळ काढले की त्यातली एक मूठ देवाची. १९१० पासून चालू आहे, आणि त्या मुठींवर तिथल्या मंडळीची केवढी कामं उभी राहिली. पण मला सांगायचं आहे ते आईच्या चेहऱ्याबद्दल. ती मूठ टाकताना ती गुणगुणत असायची. एकदा मी विचारलं, आई, आपल्यालाच पुरत नाही तर का टाकतेस? ती म्हणाली, “अगं, आपल्यालाही कुणाच्या तरी मुठीतूनच आलंय.” तिच्या आजीला दुष्काळात मिशनच्या कामावर धान्य मिळालं होतं आणि ती जगली होती. ते घरात सगळ्यांना माहीत होतं. आई फेड करत नव्हती, कारण तो दाणा फिटण्यासारखा नव्हता. नुसता आठवत होती, हातानं.

केडगावच्या मुक्ती मिशनचंही तसंच. नगरहून गाडीनं पुण्याला येताना दौंड सोडलं की थोड्या वेळानं लागतं ते केडगाव. पंडिता रमाबाईंनी तरुणपणीच्या दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण गमावली होती. भावाबरोबर पायी वणवण केली होती. १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या तिथे गेल्या आणि उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या, एकदोन नाही, शेकडो. उपास काय असतो हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. आपण वाचलो आणि का वाचलो, याचं उत्तर त्यांना ख्रिस्तात सापडलं होतं. केडगाव त्या उत्तरातूनच उभं राहिलं.

जक्कयाचं बघ. जकातदारांचा मुख्य, उंबरावर चढून बसलेला. येशू झाडाखाली थांबून असं म्हणाला नाही की अर्धी मालमत्ता गरिबांना दे, म्हणजे मी तुझ्या घरी उतरतो. आधी तो घरी गेला, गावभर कुरकुर झाली, आणि मग जक्कय आपणहून उभा राहिला. अर्धं गरिबांना, आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट. आकडा त्याचा त्यानं काढला. चिठ्ठी कुणी वाटली नव्हती.

तुझ्याबाबतीत क्रम उलटा झाला, म्हणून मन कोरडं पडलं. रात्रपाळ्या तू करतेस, दुसऱ्यांच्या आईबापांची पाठ तू चोळतेस, आणि त्या पगारातला दहावा हिस्सा तुला न विचारता गेला. ५० हजारांचा आकडा तुझ्या नावाचाही होता, पण तुला तो घरी आल्यावर कळला. ‘संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो’ हे वचन आपण सगळे पाठ म्हणतो. त्याच्या अगोदरचा तुकडा म्हणत नाही. तिथे लिहिलंय, ज्यानं त्यानं आपल्या मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, देणं भाग पडतं म्हणून देऊ नये. तुझ्या मनाला ठरवायची पाळीच आली नाही. दहाची नोट म्हणजे तुझा विश्वास गेल्याची खूण आहे असं मला वाटत नाही. मला तो रुसवा वाटतो. रुसवा निघू शकतो.

आमच्याकडे कापणीच्या सणाला उपासना झाली की अंगणात लिलाव व्हायचा. भोपळे, कोंबड्या, ज्वारीची कणसं, कुणी आणलेली वांगी. एका वर्षी एका म्हातारीनं पदरात बांधून एकच गावरान अंडं आणलं होतं. ते लिलावात आलं. पहिल्यानं दहा रुपयांना घेतलं आणि परत पंचांच्या हातात दिलं, पुन्हा लावा. दुसऱ्यानं पंचवीसला घेतलं, त्यानंही परत केलं. अंडं पाच वेळा विकलं गेलं, प्रत्येक वेळी जास्त भावानं, आणि सगळं अंगण हसत होतं, म्हातारी तर पदर तोंडाला लावून. शेवटी ते कुणी तरी तिलाच दिलं आणि सांगितलं, उबवायला ठेव. देताना माणसं अशी दिसतात. तुमच्या कन्व्हेन्शनमध्ये कीबोर्ड हळू वाजत होता, डोळे मिटायला सांगितले होते, आणि कुणी हसत होतं का?

आता मिस्टरांच्या बाजूनं एक. रागावू नकोस. चिठ्ठीवरचे आकडे मग माईकवर वाचून दाखवतात ना? सगळीकडे वाचतात. टेम्पो चालवणाऱ्या माणसाचं नाव वर्षातून किती वेळा माईकवर येतं? दिवसभर गेटवरचा वॉचमनसुद्धा त्याला ‘ए टेम्पो’ म्हणतो. मला त्यांनी ५० हजार लिहिणं समजू शकतं. मी तरुण शिक्षिका असताना पहिल्या पगाराचं पाकीट दिलं आणि पुढच्या रविवारी यादीत माझं नाव वाचायचं राहिलं, तर मी आठवडाभर धुसफुसत होते. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये, हे शब्बाथ शाळेत मीच मुलांना शिकवत होते! तेव्हा त्यांच्यापुढे ही वचनं वकिलासारखी मांडू नकोस. एका रात्री जेवण झाल्यावर विचार, तुम्हाला देवानं कशातून बाहेर काढलं असं वाटतं? ते जे सांगतील ते ऐकून घे. तुझंही सांग. मग वही काढा, आणि दोघांनी मिळून आकडा ठरवा, मंडळीचा वेगळा, घरच्यांचा वेगळा. तो दहा टक्के निघेल, सात निघेल किंवा पंधराही निघेल. दोघांचा असेल एवढं पुरे.

आणि आता तुझ्या बाजूनं नसलेलं एक. तुझ्या पत्रात नणंदेचे तीन फोन आहेत, मिस्टरांचा नकार आहे, तुझं रडू आहे. तू तिला काय दिलंस ते पत्रात कुठेही नाही. तिला ‘मागायची सवय आहे’ हे मात्र आहे. पगार तुझ्याही खात्यात येतो, बाळ. मिस्टरांच्या कुर्बानाची चीड येणं सोपं, कारण तोवर आपल्यालाही काही द्यावं लागत नाही. मला लिहिताना बरं वाटत नाही, पण तू मावशी म्हणालीस.

तेव्हा वहीची वाट बघू नकोस, प्रवेशाची तारीख थांबणार नाही. मिस्टरांना आधी सांग. त्यांनी जे तुझ्या बाबतीत केलं ते तू त्यांच्या बाबतीत करू नकोस. म्हण, ह्या महिन्याचा माझ्या पगाराचा दशांश मी भाच्यासाठी देते आहे, उरलेले माझे वरचे. पूर्ण ८ हजार जमत नसतील तर फीपुरते दे, डिपॉझिटला घरमालकाकडून मुदत मागता येते. फी शक्यतो संस्थेतच भर, भाच्याच्या नावानं, पावती त्याच्याकडे राहू दे. नणंदेला फोन तू कर. ‘पाठवले’ एवढंच सांग आणि भाच्याला कुठला ट्रेड मिळाला ते विचार.

पुढच्या रविवारी थैलीत दहाचीच नोट पडली तरी चालेल.

फ्रीजचं राहिलं. नाताळच्या आधी घे, जुना चालत असेल तर जुना घे. भाचा इलेक्ट्रिशियनच्या ट्रेडला असेल तर बिघडल्यावर हाक मारता येईल.

– मावशी